गाडी सुरू होते, पण रेस सोडली की बंद पडते : निदान कुठून सुरू करावे?

घाटमाथा :
गाडी तीन सिलिंडरची, ९९८ सीसी, एमपीएफआय पेट्रोल आणि सोबत कंपनीची सीएनजी. २०१३चे मॉडेल, ८६ हजार किमी.
पहिल्या सेल्फला सुरू होते. रेसवर व्यवस्थित चालते, पिकअपची तक्रार नाही. पण सिग्नलला क्लच दाबून रेस सोडली की आरपीएम आयडलिंगला (रेस न देता इंजिन ज्या संथ वेगाने फिरते तिथे) न थांबता खाली जातात आणि इंजिन बंद. एसी चालू असेल तर हमखास. लगेच परत सुरू होते. चेक इंजिनचा दिवा लागत नाही.
तिन्ही प्लग आणि एअर फिल्टर नवे टाकून झाले, फरक शून्य. आता पेट्रोल पंप बदलायचा सल्ला मिळाला आहे. पंपावर पैसे घालण्याआधी काय तपासावे?

फिरता_पाना :
पंपाला हात लावू नका. दोन इंधनांच्या गाडीत पंपाची परीक्षा एका बटणावर होते. सीएनजीवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात, म्हणजे पंप, त्याचा फिल्टर आणि पेट्रोल इंजेक्टर तिन्ही खेळाबाहेर. सीएनजीवरही तशीच बंद पडत असेल तर पंप निर्दोष.
तीन गोष्टी सांगा.
दोन्ही इंधनांवर सारखेच होते का?
बंद पडताना आरपीएमचा काटा कसा पडतो? हळूहळू, थरथरत उतरतो की क्षणात शून्यावर?
गेल्या महिन्याभरात गाडीवर काय काम झाले? किरकोळ असले तरी सांगा. वॉशिंग, टेप बसवणे, बॅटरी, काहीही.

घाटमाथा :
दोन्हीवर सारखेच.
काटा ८००, ६००, ४०० असा उतरतो, गाडी थरथरते आणि दीड-दोन सेकंदांत बंद.
काम म्हणाल तर फक्त बॅटरी नवी टाकली. आणि हो, त्रास त्यानंतरच सुरू झाला आहे.

वायरमन_९ :
बॅटरी म्हटल्यावर आधी टर्मिनल. नुसते हलवून बघणे म्हणजे तपासणी नव्हे, मल्टिमीटर लावा.
गाडी बंद, तासभर उभी : बॅटरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट. सेल्फ मारताना १०च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५.
मग अर्थिंग. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावरच) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.३ किंवा जास्त आला तर अर्थिंगची पट्टी किंवा क्लॅम्प खराब. तसेच बॅटरीचा निगेटिव्ह ते बॉडी. नव्या बॅटरीचा खांब जुन्यापेक्षा बारीक असला तर क्लॅम्प पूर्ण आवळूनही आत फिरत राहतो. वरून घट्ट दिसतो.

फिरता_पाना :
मोजणी कराच, पाच मिनिटांचे काम आहे. पण अर्थिंग हे कारण असेल असे मला वाटत नाही. त्यासाठीच काटा विचारला होता.
विजेचा दोष, म्हणजे क्रँक सेन्सर (इंजिन फिरते आहे हे सांगणारा), इग्निशन स्विच, मेन रिले किंवा सुटे टर्मिनल, इंजिनला चालू असतानाच ठार मारतो. दिवा विझावा तसे. न थरथर, न गचका. हवा-इंधनाचा दोष इंजिनला गुदमरवतो. काटा उतरत जातो, बॉडी हलते आणि रेस दिली तर वाचवता येते. तुमचे लक्षण सरळ दुसऱ्या जातीचे आहे.
त्यातून दोन्ही इंधनांवर होते, म्हणजे इंधनही सुटले. उरली हवा.
आता बॅटरीचा संबंध. रेस सोडल्यावर थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, चकती जवळजवळ बंद होते. आयडलिंगला लागणारी हवा बाजूच्या बारीक वाटेने जाते आणि त्या वाटेवर ईसीयूच्या (इंजिनच्या संगणकाच्या) ताब्यातली एक झडप असते, आयएसी. वर्षानुवर्षे चकतीच्या कडेला आणि त्या वाटेत काजळी साचते. वाट अरुंद होईल तशी ईसीयू झडप थोडी थोडी जास्त उघडायला शिकते आणि ते शिकलेले लक्षात ठेवते. म्हणून घाण असूनही तुम्हाला काही कळत नव्हते. बॅटरी काढली तेव्हा ती आठवण पुसली गेली. ईसीयू आता झडप नव्या स्वच्छ गाडीएवढीच उघडते, वाट मात्र जुनीच तुंबलेली. एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिनावर ओझे येते, हवा पुरत नाही.
आधी एक बघा : एक्सिलरेटरची केबल थेट थ्रॉटल बॉडीला येते, की तिथे वायरचा सॉकेट असलेली मोटर आहे?

घाटमाथा :
केबल आहे. अर्थिंगही मोजले : इंजिनवर ०.०४, बॉडीवर ०.०३. चार्जिंग १४.२.

काजळी :
साफ करण्याआधी व्हॅक्यूम लीक, म्हणजे थ्रॉटलला वगळून हवा आत घुसते का, ते बघून घ्या. पाइप फाटला असेल तर अशीच बंद पडते. स्कॅनरवर (ईसीयूतले आकडे दाखवणारे यंत्र) फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवते-घटवते ते. आयडलिंगला अधिक २०च्या पुढे आणि अडीच हजार आरपीएमला पाचावर आली, तर लीक नक्की.

इंची_पारा :
काजळी, ही कसोटी बरोबर आहे, पण एअरफ्लो सेन्सरवाल्या गाडीसाठी. तिथे सेन्सरच्या पुढे घुसलेली हवा ईसीयूला दिसतच नाही. मिश्रण पातळ होते आणि गाडी बंद पडते.
या गाडीत मॅप सेन्सर आहे. तो मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजतो, त्यामुळे पाइप फाटून आत आलेली हवासुद्धा त्याला दिसते आणि ईसीयू तेवढे इंधन वाढवते. परिणाम उलटा होतो : आयडलिंग वाढते, ११००-१२००ला अडकते किंवा वर-खाली हेलकावे खाते. ट्रिम मात्र शून्याच्या आसपासच राहू शकते. अपवाद म्हणजे मॅनिफोल्डची गॅस्केट एकाच सिलिंडरपाशी गळत असेल, तर तेवढा एक सिलिंडर मिसिंग करतो.
मॅप सेन्सर स्वतः खोटे बोलत नाही ना, हे तपासायला काही खर्च नाही. चावी ऑन, इंजिन बंद. स्कॅनरवर दाब बघा. इंजिन चालू नसताना तो सेन्सर म्हणजे नुसता वायुभारमापक. मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला ८६च्या आसपास दिसला पाहिजे. चार-पाचाने चुकत असेल तर सेन्सर किंवा त्याचा पाइप संशयित. गरम इंजिनला, एसी बंद ठेवून, आयडलिंगला ३० ते ४० यावा.
जुन्या पद्धतीचे व्हॅक्यूम गेज असेल तर समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच पारा, काटा स्थिर. पुण्यात त्यातून दोन इंच वजा करायचे. पुण्यात १६ दिसला म्हणून इंजिन म्हातारे झाले असे कुणी सांगितले तर ऐकू नका.

फिरता_पाना :
+१. स्कॅनर लावणारच असाल तर आयएसीचा आकडाही बघा, टक्क्यांत किंवा पायऱ्यांत येतो. इंजिन पूर्ण गरम आणि चालू, एसी-दिवे सगळे बंद. मग एसी लावा. झडपेला उघडण्याचा हुकूम वाढत चालला आहे आणि आरपीएम तरी उतरत आहेत, असे दिसले तर वाट तुंबली आहे किंवा झडप अडकली आहे. हुकूम वाढतच नसेल तर एसी लागल्याची खबर ईसीयूपर्यंत पोचत नाही. तो वायरिंगचा प्रश्न, काजळीचा नव्हे.

घाटमाथा :
ब्लूटूथवाला स्कॅनर लावला. दोषाचा कोड नाही. चावी ऑनला मॅप ९५ (पुण्यात). कूलंट ८९ अंश. एसी लावल्यावर आयएसी २१ वरून ४४ टक्क्यांपर्यंत चढली, आरपीएम ८२० वरून ५००, मग बंद.
थ्रॉटलचा रबरी पाइप काढून टॉर्चने बघितले. चकतीच्या कडेला काळा चिकट थर आहे, नखाने खरवडला जातो.

फिरता_पाना :
सापडले. आता सावकाश साफ करा. घाई केली तर नवीन दुखणे होते, म्हणून नीट लिहितो.

इंजिन थंड हवे. चावी बंद. एअर फिल्टरकडून येणाऱ्या रबरी पाइपचे क्लॅम्प सैल करून पाइप बाजूला करा. त्यात तेलाचे थेंब असतील तर पाइपही पुसून घ्या; ते क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या पोटातल्या, वाफेतून येते, काजळीचे बी तिथेच आहे.

थ्रॉटल बॉडी क्लीनर घ्या. कार्ब क्लीनर नको. काही बॉडींच्या आत पातळ लेप असतो, जहाल द्रावणाने तो निघतो. फवारा थेट आत मारू नका, फडक्यावर आणि जुन्या टूथब्रशवर मारा. केबलचे चाक हाताने फिरवून चकती पूर्ण उघडा. चकतीची कड दोन्ही बाजूंनी आणि बॉडीत जिथे ती टेकते तो गोल पट्टा पुसा. सगळा फरक त्या केसाएवढ्या फटीत आहे, बाकीचा भाग आरशासारखा चकाकवायची गरज नाही.

मग बाजूची वाट. चकतीच्या आधी बॉडीत एक छिद्र दिसेल, तेच आयएसीचे तोंड. नुसता फवारा मारून ते साफ होत नाही, आयएसी काढावी लागते. दोन-तीन स्टार स्क्रू असतात आणि ते जाम होतात. स्क्रूड्रायव्हर घट्ट बसेल असाच घ्या, पान्याने त्याच्या मागच्या टोकाला हलका ठोका द्या, मग फिरवा. डोके एकदा झिजले की ड्रिल आले. झडपेचा शंकू हाताने ओढू किंवा पिळू नका, आतली बारीक चाके तुटतात. शंकू आणि त्याची बैठक ब्रशने साफ करा, द्रावण मोटरकडे उतरू नये म्हणून शंकू खाली धरून. ओ-रिंग नवी टाका. जुनी चपटी झालेली परत बसवलीत तर आयडलिंग चढेल आणि काजळी म्हणतात तो लीक खरोखरच तयार होईल.

चकतीला टेकणारा एक छोटा स्क्रू दिसेल, बहुधा रंगाचा ठिपका लावलेला. त्याला हात लावू नका. आयडलिंग कमी म्हणून तो पिळून वाढवलेल्या गाड्या भरपूर फिरतात. त्याने थ्रॉटल सेन्सरचा शून्य बिंदू सरकतो, मग रेस सोडली आहे हेच ईसीयूला कळत नाही आणि पुढचा मेकॅनिक आठवडाभर सेन्सर बदलत बसतो.

काही बॉडींमधून कूलंटचे दोन बारीक पाइप जातात. बॉडी जागेवर ठेवूनच साफ केलीत तर त्यांच्या वाटेला जावे लागत नाही.

वायरमन_९ :
मोटरवाल्या थ्रॉटलच्या मालकांसाठी जोड : चावी ऑन असताना चकती बोटाने ढकलू नका. बोट अडकते, आणि गिअर तुटला तर पूर्ण बॉडी घ्यावी लागते. सॉकेट काढून, हळू दाबूनच उघडा. साफसफाईनंतर बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांना स्कॅनरवरून थ्रॉटलचे रीलर्न (नव्याने शिकवणी) द्यावे लागते. ते न देता गाडी परत दिली तर आयडलिंग १५००ला राहते आणि लोक नवीन बॉडी विकत घेतात.

फिरता_पाना :
केबलवाल्या गाडीतही शिकवणी आहेच. पाइप बसवून, रेसला हात न लावता सुरू करा. पहिल्या खेपेला आयडलिंग चढलेले दिसेल, घाबरू नका. एसी, दिवे, ब्लोअर सगळे बंद ठेवून रेडिएटरचा पंखा दोनदा लागून थांबेपर्यंत उभी चालू द्या. मग एसी लावून पाच मिनिटे. मग दहा-पंधरा मिनिटे रस्त्यावर, चार-सहा वेळा थांबून. हे सगळे पेट्रोलवर करा. आणि उघड्यावर, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचे नाही.

मुक्काम_पोस्ट_हायवे :
थोडे वेगळे लक्षण, वेगळा धागा काढत नाही. चार सिलिंडर, १.२ लिटर, पेट्रोल, बाहेरून बसवलेली सिक्वेन्शियल सीएनजी. सकाळी काहीच नाही. हायवेला तासभर चालली की अचानक बंद, काटा एकदम शून्य. सेल्फ फिरतो, पण पकडत नाही. वीस-पंचवीस मिनिटे उभी केली की सुरू. दोन्ही इंधनांवर.

वायरमन_९ :
ही दुसरी जात. गरम झाल्यावर मरते, थंड झाल्यावर जगते, दोन्ही इंधनांवर. पहिला संशय क्रँक सेन्सर. आतल्या तारेला बारीक तडा असतो, उष्णतेने फाकतो, थंड झाला की जुळतो.
बंद पडेल तेव्हा गाडी थंड होऊ देऊ नका, तपासायची वेळ तीच. स्कॅनर लावून सेल्फ मारा आणि आरपीएमची ओळ बघा. इंजिन फिरत असताना २०० ते ३०० दिसले पाहिजेत. शून्य दिसले तर सेन्सर, त्याचा सॉकेट किंवा वायर. मग सेन्सरवर ओले फडके दाबा किंवा थोडे पाणी सोडा. दोन मिनिटांत सुरू झाली तर खात्री पटली. जवळ सायलेन्सरचा तापलेला पाइप असतो, हात सांभाळा.
क्रँक सेन्सरचा पी०३३५ कोड येईलच असे नाही. दोष क्षणाचा असला तर ईसीयूला वाटते इंजिन नुसतेच थांबले.
सेन्सरला दोन वायर असतील तर ओहममध्ये मोजता येतो, आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला धरा. तीन वायर असतील तर तो बहुधा हॉल सेन्सर, त्याला ओहममीटर लावून काही कळत नाही. तिथे ५ किंवा १२ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थ बघायचा.
आरपीएम दिसत असतील तर पुढे मेन रिले आणि इग्निशन कॉईलचा पुरवठा. रिले हातात धरून बघा, नेहमीपेक्षा कढत असेल तर आतले टाके सुटलेले असतात. फ्यूज बॉक्समध्ये त्याच क्रमांकाचा दुसरा रिले बहुतेक असतो, अदलाबदल करून बघा.

इंची_पारा :
आणि हे लक्षण फक्त पेट्रोलवर असते तर पंपाकडे बोट गेले असते. सीएनजीवाल्यांची सवय म्हणजे टाकीत कायम दोन-तीन लिटर. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच गार राहतो. पेट्रोलचा काटा लालवर ठेवून चालवले तर तो कोरडा तापतो आणि लवकर जातो. निदान पाव टाकी ठेवा, आणि आठवड्यातून दहा-पंधरा किमी पेट्रोलवर चालवा म्हणजे इंजेक्टर चिकटत नाहीत.
पंपाचा दाब गेजनेच मोजायचा. बऱ्याच छोट्या एमपीएफआय गाड्यांत तो ३ बारच्या आसपास असतो. चावी ऑन केल्यावर मागून दोन सेकंद घूं आवाज आला म्हणजे पंप फिरतो एवढेच कळते, दाब पुरतो की नाही ते कळत नाही.

काजळी :
उलट प्रकार, म्हणजे पेट्रोलवर मख्खन आणि सीएनजीवर जाताच बंद : आधी कमी दाबाचा गॅस फिल्टर, मग प्लगची फट. सीएनजीच्या मिश्रणाला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते. पेट्रोलला चालून जाणारी १.१ मिमीची फट गॅसवर मिसिंग देते, ०.७-०.८ ठेवतात. रिड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) आणि त्याच्या आधीची नळी स्वतः उघडू नका. सिलिंडर भरल्यावर तिथे २०० बार असतात.

टाकीफुल :
पेट्रोल भरून निघाले की पहिल्या दहा मिनिटांत दोन-तीनदा बंद पडते, नंतर दिवसभर काही नाही. पंपावरच्या पेट्रोलात पाणी असावे का?

इंची_पारा :
दर खेपेला, वेगवेगळ्या पंपांवर होत असेल तर पाणी नव्हे, पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यातून इंजिनात सोडणारी ही झडप उघडी अडकते आणि टाकी भरल्यावर वाफ एकदम आत येते. इंजिन आयडलिंगला चालू ठेवून डब्याकडून झडपेकडे येणारा पाइप पकडीने, फडके गुंडाळून, दाबा. आयडलिंग सुधारले तर झडप गेली. काढून फुंकर मारा : वीज नसताना हवा आरपार जाता कामा नये. आणि नोझल कटऑफ झाल्यावर पैसे राउंड करायला वर आणखी पेट्रोल भरू नका, ते थेट कोळशात जाते.
एकाच खेपेला झाले असेल तर पाण्याचा संशय घ्या, विशेषतः पावसाळ्यात. आपल्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. थोडे पाणी ते पोटात घेते, जास्त झाले की इथेनॉल पाण्याला घेऊन तळाशी बसते, आणि पंप तळातूनच ओढतो. पारदर्शक काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढून अर्धा तास हलवू नका. खाली वेगळा थर आणि मधे रेघ दिसली तर टाकी रिकामी करणे आले.

जुना_चोक :
मारुती ८००, १९९७, कार्ब्युरेटर. धाग्याच्या शीर्षकासारखेच, रेस सोडली की बंद. इथे ईसीयूही नाही आणि आयएसीही नाही. जेट साफ झाले, तरी तेच.

फिरता_पाना :
कार्ब्युरेटरच्या अंगावर एक वायर आलेली, अंगठ्याएवढी सॉलेनॉइड असेल. चावी बंद केल्यावर इंजिन धडधडत राहू नये म्हणून ती आयडलिंगचे पेट्रोल तोडते. ती मेली किंवा तिला वीज मिळाली नाही तर इंजिन फक्त रेसवर चालते, कारण मेन जेट चालू आणि आयडल जेट बंद. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि तिच्यावर बोट ठेवा. 'टक' असे जाणवले पाहिजे.

जुना_चोक :
टक नाही.

वायरमन_९ :
वायर काढून मीटर लावा. १२ व्होल्ट येत असतील तर सॉलेनॉइड बदला. येत नसतील तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूज लावलेली तात्पुरती वायर द्या. टक झाले तर सॉलेनॉइड ठीक, फ्यूज आणि सॉकेट शोधा.

घाटमाथा :
साफ झाले. आयएसीचा एक स्क्रू अर्धा तास घेऊन गेला. सुरू केल्यावर आयडलिंग १४००, दुसरा पंखा लागेपर्यंत ८५०वर आले. एसी लावल्यावर क्षणभर ७५०, मग ९००. आयएसी आता एसीसकट २६ टक्के. दोन दिवस शहरात, दोन्ही इंधनांवर, एकदाही बंद नाही. ओ-रिंग नवी टाकली.
सीएनजीवर बदलताना एक हलका गचका जाणवतो. प्लगची फट मोजली, १.१ निघाली.

काजळी :
०.८ करा. मधला इलेक्ट्रोड सोडून फक्त वरची पट्टी वाकवायची. इरिडियमचे टोक असेल तर गेज आत खुपसू नका.

जुना_चोक :
तात्पुरत्या वायरवर टक झाले. सॉकेटच्या आत हिरवा गंज चढलेला होता.